वेव्ह इफेक्ट लावला की शिरोरेषेच्या पायऱ्या होतात

तापीकाठ:
मंडळी, फावल्या वेळात एक गेम करतोय. भुसावळ स्टेशनजवळचं सायबर कॅफे, साल २००३. खेळणाऱ्यानं गिऱ्हाइकांना वेबसाइटी बनवून द्यायच्या. पहिलंच गिऱ्हाईक सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकणारं. त्याला नाव रंगीत आणि लाटेसारखं डुलणारं पाहिजे, खाली सरकती पट्टी. गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये मजकुराला वेव्ह (लाट) आणि रेनबो (इंद्रधनुष्यी रंग) हे इफेक्ट लावले. इंग्रजी झकास दिसतं. पण 'घोडेबाजार' लिहिलं की वरच्या रेघेच्या पायऱ्या होतात आणि 'डे'ची मात्रा किंचित वेगळीच हलते. पट्टी सरकते, पण इतकी गुळगुळीत की जुनी मजाच नाही.

भरीतपार्टी:
काय भो, विषय भारी काढला! मात्रेचं सोपं आहे. ग्लिफ म्हणजे फॉन्टातला एकेक आकार. वेव्ह प्रत्येक ग्लिफ किती हलवायचा ते त्याच्या जागेनुसार ठरवतो आणि मात्रा बऱ्याचदा वेगळा ग्लिफ असते. स्वतःचा रिचटेक्स्टइफेक्ट (गोडोत मजकुराचा इफेक्ट स्वतः लिहायची सोय) लिही, लाटेच्या साइन सूत्रात जागेऐवजी ग्लिफच्या रेंजचा (तो मजकुरातल्या कितव्या ते कितव्या अक्षराचा आहे त्याचा) पहिला आकडा दे. अक्षर आणि मात्रा एकाच रेंजमध्ये येतात, मग सोबत डुलतात. रेघ मात्र तुटणारच. अक्षर सोड, आख्खा शब्द हलव. (गोडो ३ वर असतास तर जोडाक्षरंच जुळली नसती.)

डायलअपचा आवाज:
पट्टी गुळगुळीत आहे कारण तुम्ही ती दर फ्रेमला सरकवताय. जुन्या वेबपानांवर सरकत्या पट्टीसाठी मार्की हा टॅग असायचा; तिला वेग सांगितला नाही तर ती दर ८५ मिलीसेकंदांनी ६ पिक्सेल उडी मारायची. टायमर लावा, तेवढंच सरकवा, मध्ये काही नाही. तो धक्का म्हणजेच जुनी मजा.

आणि ब्लिंक (मजकूर लुकलुकवणारा टॅग) घालायच्या मोहात पडू नका. ती नेटस्केप ब्राउझरची. मार्की इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरची, आणि एक्सप्लोररनं ब्लिंक कधीच दाखवली नाही. २००३ च्या कॅफेत बहुतेक एक्सप्लोररच असणार. लुकलुकणारं 'नवीन' हवं तर जिफ (हलतं चित्र) ठेवा. तेही सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, काहींना फिटचे झटके येऊ शकतात.

एक राहिलं. तेव्हा बरीच मराठी पानं 'शिवाजी'सारख्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टात असायची. समोरच्या पीसीवर तो नसला की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं.

तापीकाठ:
शब्द हलवून पाहिला. घोडा दुडक्या चालीनं निघाल्यासारखा वाटतोय, तेच ठेवतो. पट्टीलाही धक्के आले. कडबोळ्याची तर आता पूर्ण लेव्हल करतो: मालक धुळ्याच्या पाहुण्याला पान दाखवायला जातो आणि तिथं फॉन्टच नाही.