राँग साईडची केस थेट कोर्टात. भावाने ‘कबूल’ म्हणावं का?

भांडुपची_ताई

धाकट्या भावाला एलबीएस मार्गावर स्कूटर उलट्या दिशेने नेताना पकडलं. पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून तिथे सगळेच तसे येतात, पण त्या संध्याकाळी नाकाबंदी होती. आम्हाला वाटलं, मोबाईलवर चलान येईल, भरून टाकू. तर एफआयआर झाला, नोटिशीवर सही घेतली आणि आता कोर्टाचं समन्स आलंय. त्यावर ‘भा.न्या.सं. कलम २८१ सह मो.वा.का. कलम १८४’ असं लिहिलंय, म्हणजे भारतीय न्याय संहिता आणि मोटार वाहन कायदा. कुणाला धक्का लागलेला नाही, दारूचा संबंध नाही, लायसन्स-इन्शुरन्स जागेवर होतं.

खरी काळजी पुढची. सरळसेवा भरतीच्या निवड यादीत त्याचं नाव आहे, चारित्र्य पडताळणी कधीही येईल. पासपोर्टचं नूतनीकरणही करायचंय. शेजारचे म्हणतात, उभा राहा, ‘कबूल’ म्हण, हजार रुपये भर आणि घरी ये. बाबा म्हणतात वकील कर. कुणाचं ऐकू?

घाटकोपर_टू_व्हीलर

कबूल करून मोकळे व्हा. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त होईल. माझ्या मेव्हण्याचं जेवायच्या सुट्टीआधी उरकलं होतं.

जुना_कोर्ट_ड्युटीवाला

ताई, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. शेवटची वर्षं कोर्ट ड्युटीत गेली, त्यामुळे हे ‘कबूल’ प्रकरण फार जवळून पाहिलंय. घाटकोपरवाल्यांचा मेव्हणा दुकान चालवत असेल तर त्याला तो सल्ला बरोबर. सरकारी नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या पोराला नाही.

आधी हातातला कागद नीट बघा. ई-चलान म्हणजे तडजोड शुल्क. भरलं की विषय संपला, कोर्टाने दोषी ठरवल्याची भानगडच नाही. तुमच्याकडे आलंय ते समन्स. तिथे ‘कबूल’ म्हटलं की न्यायाधीश दोषी ठरवतात आणि मग दंड करतात. पावती दोन्हीकडे मिळते, म्हणून लोकांना एकच वाटतं. २८१ ला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. १८४ ला दंड हजार ते पाच हजार आणि कैद सांगितलीच तर सहा महिने ते एक वर्ष. पहिल्या वेळी, कुणाला इजा नसेल तर दंडावर भागतं हे खरं आहे. आत टाकतील अशी भीती त्याच्या डोक्यातून काढा, गुन्हा जामीनपात्र आहे.

मुंबईत राँग साईडला सरसकट एफआयआर करायला २०२२ साली सुरुवात झाली. तेव्हा भादंविचं (जुन्या भारतीय दंड संहितेचं) २७९ लागायचं, १ जुलै २०२४ पासून तेच २८१ झालं. एफआयआर सुरू झाल्यापासून कॉलेजची पोरं, डिलिव्हरीवाले, ऑफिसला निघालेले बाप्ये, सगळे चोर-पाकिटमारांच्या रांगेत उभे दिसू लागले. माझं मत विचाराल तर धाक बसायला ते बरं होतं, पण त्या पोरांना कुणी नीट समजावून सांगत नव्हतं एवढं नक्की.

आता गंमत बघा. पासपोर्ट आणि नोकरी, दोघांचं गणित उलटं आहे. पासपोर्ट कायद्यात अडतो तो कोर्टात चालू असलेला खटला. हजार-दोन हजारांचा दंड होऊन गेला असेल तर तो पासपोर्टला आडवा येत नाही. तिथे नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षं कैद झालेली लागते, तीही मागच्या पाच वर्षांत. म्हणजे पासपोर्टपुरतं पाहिलं तर केस लवकर संपणं फायद्याचं. केस चालू असतानाच हवा असेल तर त्याच कोर्टाकडून परवानगीचा आदेश घेऊन अर्ज करता येतो, त्यासाठी केंद्राची १९९३ ची अधिसूचना आहे. पण मिळतो तो ठरावीक मुदतीचा, कोर्टाने मुदत लिहिली नाही तर एका वर्षाचा.

नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) मात्र अटक, खटला, शिक्षा सगळंच विचारतात. तिथे दोषी ठरल्याची नोंद नको असते आणि लपवालपवी त्याहून नको. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे: माहिती खरी द्यायची, मग गुन्हा किती किरकोळ आहे हे नेमणूक करणाऱ्याने पाहायचं. रस्त्यावरच्या केसने नोकरी जाणं मी क्वचित पाहिलं. रकान्यात ‘नाही’ लिहिल्याने गेलेली पाहिली आहे.

ॲडव्होकेट_विक्रोळी

काकांशी सहमत, थोडी भर घालते. २८१ साठी नुसतं उलट्या दिशेने जाणं पुरत नाही. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा दुखापत होण्याची शक्यता असेल इतकं बेदरकार चालवलं, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. रहदारी किती होती, वेग किती, समोरून कोण येत होतं हे दोषारोपपत्रात (पोलिसांनी कोर्टात दिलेल्या आरोपपत्रात) आहे का पाहा. नसेल तर लढण्यात अर्थ आहे. पण साक्षीदार पोलीस येईपर्यंत तारखा पडतात, त्याची तयारी ठेवा.

मधला एक रस्ता फारसा कुणी सांगत नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. आधीची शिक्षा नसेल आणि गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल तर कलम ३ खाली कोर्ट समज देऊन सोडू शकतं, कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेऊन. कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळे येणारी अपात्रता मग लागू होत नाही. दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही, हे लक्षात ठेवून रकाना भरायचा. कबुली देण्याआधी हा अर्ज तयार हवा. दंड भरून बाहेर आल्यावर माझ्याकडे येतात, तेव्हा अपिलाशिवाय मार्ग उरत नाही, आणि कबुली दिल्यावर अपिलातही फार जागा नसते.

भांडुपची_ताई

खूप आभार. बाबांचं ऐकायचं ठरलं. मग पहिल्या तारखेला त्याने नक्की काय बोलायचं? आणि ह्या गडबडीत अजून एक: स्कूटर बाबांच्या नावावर आहे, त्यांना व्हॉट्सॲपवर ‘आपले चलान थकीत आहे’ म्हणून एक फाइल आली आहे. उघडायची का?

जुना_कोर्ट_ड्युटीवाला

फाइल मुळीच उघडू नका! नावाच्या शेवटी एपीके असेल, ती फोनमधले ओटीपी चोरते. खरं चलान असेल तर महाट्रॅफिकच्या सरकारी साईटवर गाडीचा नंबर टाकला की फोटोसकट दिसतं. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना बघा. फोटोत गाडी आपली नसेल तर तिथेच तक्रार करता येते. तिथे थकलेली चलानं लोक अदालतीतही निघतात, त्याची भावाच्या केसशी गाठ घालू नका.

तारखेला अकराच्या आत पोचा आणि बोर्डावर नंबर बघून ठेवा. पुकारा झाला आणि पोरगा खाली चहाला असला की वॉरंट निघतं. आधार, लायसन्स आणि समन्स मूळ प्रतीत. कदाचित जातमुचलक्यावर (त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर) सोडतील, कदाचित जामीनदार मागतील, म्हणून बाबांना रेशनकार्ड आणि पगाराची किंवा पेन्शनची कागदं घेऊन सोबत जाऊ द्या. बाहेर काळा कोट घालून ‘पाचशेत उरकतो’ म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडे बघू नका. ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं विचारलं तर एवढंच म्हणायचं: साहेब, वकील लावायचा आहे, पुढची तारीख द्या. मिळते. त्या वेळात दोषारोपपत्राची प्रत मागून घ्या, ती आरोपीला फुकट द्यावी लागते, आणि ती घेऊनच विक्रोळीच्या मॅडमसारख्या कुणाकडे जा.