मदत हवी आहे: यू जेमिनोरमचं ग्रहण पावणेनऊ मिनिटं आधी का येतंय?

काजळरात्र:
२०० मिमी परावर्ती दुर्बीण, मोनो सीमॉस कॅमेरा, फिल्टर नाही, ६० सेकंदांची एक्स्पोजर. यू जेमिनोरम म्हणजे श्वेतबटू (मेलेल्या ताऱ्याचा लहान, दाट गाभा) आणि सोबती तारा यांची जोडी, अधूनमधून स्फोट होऊन उजळणारी. सध्या तारा शांत आहे, साधारण १४ वी प्रत (तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा तेजस्वी). जानेवारीच्या मध्याला सलग दोन ग्रहणं टिपली. दोन्हींत अंतर ४ तास १५ मिनिटं, म्हणजे आवर्तनकाल बरोबर येतोय. पण दोन्ही वेळा किमान तेज एचजेडी (सूर्यावरून बघितल्यासारखी मोजलेली वेळ) सूत्राने सांगितलेल्या ग्रहणवेळेच्या पावणेनऊ मिनिटं आधी! संगणक एनटीपीला (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) जोडलेला आहे. शिवाय ग्रहणाआधीची पातळी नंतरच्यापेक्षा बरीच वर दिसते. फ्लॅट (प्रतिमेतला असमान उजेड सुधारणाऱ्या चौकटी) बिघडलेत का?

ध्रुवमत्स्य:
फ्लॅटना हात लावू नका. तुम्ही साधा ज्युलियन दिनांक (सलग दिवसांची मोजणी, पृथ्वीवरच्या वेळेने) थेट एचजेडीशी ताडून बघताय. हा तारा क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाला) जवळजवळ चिकटून आहे आणि जानेवारीच्या मध्याला सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला येतो. तेव्हा त्याचा प्रकाश सूर्यापेक्षा पृथ्वीवर सुमारे ८.२ मिनिटं आधी पोचतो, तेवढी वेळ मिळवावी लागते. जुलैत हीच दुरुस्ती उलट्या चिन्हाची होते, पण तेव्हा तारा सूर्याआड असतो. उरलेली अर्धी मिनिट बहुतेक फाइलच्या हेडरमध्ये आहे: डेट-ऑब्समध्ये एक्स्पोजरच्या सुरुवातीची वेळ असते, त्यात ३० सेकंद मिळवा.

पळविपळ:
सूत्र कुठल्या घड्याळातलं, तेही बघा. बीजेडी-टीडीबी (सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरून मोजलेली, एकसमान घड्याळाची वेळ) असेल तर यूटीसीपेक्षा (रोजच्या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा) आणखी ६९ सेकंद पुढे. आणि आवर्तनकाल ०.१७६९०६१९ दिवस असा पूर्ण घ्या. ०.१७६९ वर थांबलात तर वर्षाच्या सुमारे २०६५ आवर्तनांत १८ मिनिटांची चूक साठते.

काजळरात्र:
हेडरमध्ये सुरुवातीचीच वेळ निघाली. आता हिशेब जुळला, आभार. पण आलेख तिरका का? मध्य कुठे धरू?

ध्रुवमत्स्य:
तो तिरकेपणा खरा आहे. सोबती ताऱ्याकडून येणारा वायूचा झोत श्वेतबटूभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीच्या कडेवर आदळतो तिथे तप्त ठिपका तयार होतो. ग्रहणाआधी तो आपल्या बाजूला असतो, म्हणून आलेखाला कुबड येतं. यू जेमिनोरममध्ये झाकला जातो तो मुख्यतः हा ठिपका आणि तबकडीचा काही भाग. श्वेतबटू झाकलाच जात नाही. त्यामुळे ग्रहणमध्य म्हणजे दोन ताऱ्यांची युती असं समजू नका.

संपूर्ण आलेखावर पॅराबोला बसवलात तर कुबड त्याला ओढून नेईल. उतरती आणि चढती कड वेगळी घ्या, प्रत्येकीची निम्म्या खोलीची वेळ काढा आणि त्यांचा मध्य घ्या. तेजाचा थरथराट एका ग्रहणाला सहज फसवतो, म्हणून पाच-सहा ग्रहणं तरी हवीत. निरीक्षण दीड तास आधी सुरू करा, नाहीतर कुबडाची पातळी कळणार नाही.

पळविपळ:
एक्स्पोजर ६० वरून ३० वर आणा, कडा धुवून निघताहेत. आणि स्फोट झाला तर तारा ९ व्या प्रतीपर्यंत चढतो, म्हणजे शंभरपट प्रकाश. तेव्हा ३० सेकंदांत पिक्सेल भरून वाहतील. त्या रात्रींच्या वेळा शांत काळातल्या वेळांत मिसळू नका: तबकडी स्वतःच उजळते, ठिपक्याचा वाटा नगण्य होतो आणि ग्रहणाचा आकार बदलतो.