‘गँबिट’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या १८९५ च्या बुद्धिबळ स्पर्धेतला पिल्सबरी (पांढरा) - टाराश (काळा) डाव मुलांसाठी मराठीत लिहून काढतोय. सुरुवात ‘क्वीन्स गँबिट डिक्लाइन्ड’, म्हणजे पांढरा सुरुवातीलाच एक प्यादे देऊ करतो (हे गँबिट) आणि काळा ते मारत नाही. मी ‘वजिराचे बलिदान, नाकारलेले’ असे लिहिले, तर एका मुलाने विचारले, “वजीर तर पटावरच आहे, मग मेला कोण?” दुसरा शब्द सुचवाल का?

— मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. पांढरा देऊ करतो ते वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे. ‘वजिराचे’ म्हटले की मराठी वाचकाला वजीरच गेला असे वाटणार. शिवाय ‘बलिदान’ही पटत नाही. काळ्याने ते प्यादे मारले, तरी वजीर ए-४ या घरात आणून शह द्यायचा आणि पुढच्या खेळीला प्यादे वसूल करायचे. जे परत मिळते त्याला बलिदान कसे म्हणायचे? माझ्या मते ‘आमिष’ म्हणा.

— व्युत्पत्ती फार सुंदर आहे, म्हणून सांगतो. इटालियनमध्ये ‘गांबा’ म्हणजे पाय आणि ‘गांबेत्तो’ म्हणजे पायात पाय घालून पाडणे. रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने १५६१ च्या आपल्या पुस्तकात हा शब्द बुद्धिबळासाठी वापरला. म्हणजे मूळ कुस्तीतले! आपल्या आखाड्यातली ‘टांग’ याच्या किती जवळची आहे बघा. पण ‘वजिराची टांग’ छापू नका, मुले हसत बसतील. ‘आमिष’च बरे.

— पण या डावात आमिषाचे झाले काय, तेही मुलांना सांगा. टाराशने दुसऱ्याच खेळीला ई-६ वर प्यादे आणून ते नाकारले आणि आठव्या खेळीला पिल्सबरीने स्वतःच प्याद्यांची मारामारी (प्याद्याला प्यादे) केली. मग घोडा ई-५ वर रोवला, त्याला एफ-४ वरच्या प्याद्याचा टेकू दिला. टाराश वजिराच्या बाजूला प्यादी रेटत राहिला आणि इकडे त्याच्या राजावर हल्ला चढला. मला हा डाव फार आवडतो, कारण दोघेही आपापल्या बाजूला खरेच जिंकत असतात, फक्त राजा एकाच बाजूला असतो. बावीस वर्षांच्या पिल्सबरीने पुढे स्पर्धाही जिंकली; चिगोरिन, लास्कर, टाराश, स्टाइनिट्झ सगळे मागे.

— ‘नाकारलेले’ राहू द्या, ‘अस्वीकृत’ नको. पटावर बसून कोणी ‘अस्वीकृत’ म्हणत नाही.

— सगळ्यांचे मनापासून आभार. ‘वजीरबाजूचे आमिष, नाकारलेले’ असे लिहितो आणि पहिल्या उल्लेखाला ‘गँबिट’ही ठेवतो, कारण स्पर्धेला गेल्यावर मुलांच्या कानावर तोच शब्द पडणार. टांगेची गोष्ट मात्र तोंडी नक्की सांगेन.