शेखाडीचं आरडीएक्स आणि १८० दिवसांची कोठडी

श्रीवर्धनकर: १९९३च्या फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली. अशा कटात एक जण माल उतरवतो, दुसरा गाडी देतो, पैसा परदेशातून येतो. आरोपपत्राआधी आरोपीला आत ठेवायच्या ९० दिवसांत हे उलगडतं का? यूएपीएतली, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्यातली १८० दिवसांची मुदत हवीच, आणि कलम ४३-ड(५)ची जामिनाला आडकाठीही हवी.

अलिबागचा वकील: १८० दिवस आपोआप मिळत नाहीत हो. आधी ९०. पुढचे हवे असतील तर सरकारी वकिलाचा अहवाल लागतो: तपास कुठवर आला आणि ह्याच आरोपीला आणखी आत ठेवायचं नेमकं कारण काय. घोळ इथेच होतो. तपास अधिकाऱ्याचं पत्र तसंच्या तसं पुढे सरकवलं जातं. सरकारी वकील म्हणजे टपाल कचेरी नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने टाडाच्या, म्हणजे जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात, १९९४ सालीच बजावलंय. मुदतवाढही विशेष कोर्टाकडून घ्यावी लागते. मॅजिस्ट्रेटने दिली तर ती टिकत नाही (२०२०चा निकाल). मग ९१व्या दिवशी, आरोपपत्र पडायच्या आत आरोपीने अर्ज टाकला की जामीन द्यावाच लागतो.

श्रीवर्धनकर: म्हणजे कागद चुकला म्हणून बॉम्बवाला बाहेर? मेलेल्यांच्या घरच्यांना हे जाऊन सांगा.

अलिबागचा वकील: त्यांच्यासाठीच सांगतोय. २००६चे लोकल स्फोट घ्या. मोक्कात, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, पोलीस अधीक्षकापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. तरी जुलै २०२५मध्ये हायकोर्टाने त्या कबुल्या नाकारल्या. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत मजकूर तोच. बाराही जण निर्दोष ठरले. सुप्रीम कोर्टाने तो निकाल दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. उलट कसाबची कबुली मॅजिस्ट्रेटने विचार करायला वेळ देऊन नोंदवली, ती शेवटपर्यंत टिकली. खटल्यात त्याला वकीलही दिला होता. २१ नोव्हेंबर २०१२ला फाशी झालीच ना?

मालवणी: शेखाडीक माल उतारलो तो कायदो कमी पडलो म्हणान नाय. कस्टमवाल्यांनी पैसे खाल्ल्यानी, ते पण टाडा कोर्टात दोषी ठरले. त्येका १८० दिवसांची कोठडी काय करतली?

श्रीवर्धनकर: हे मान्य. पण सुप्रीम कोर्टाच्या २०२१च्या नजीब निकालाने खटला रखडला म्हणून जामीन द्यायची वाट मोकळी केली, ती मला पटत नाही. खटला रखडतो तर विशेष कोर्टं वाढवा, रोज सुनावणी घ्या. आरोपी का सोडायचा?

अलिबागचा वकील: वाढवा की. पण ती होईतो, दोषी ठरल्यावर भोगायच्या शिक्षेतली बरीचशी वर्षं ज्याने आधीच आत काढलीत, त्याला कुठल्या कलमाखाली ठेवणार, तेवढं लिहा.