मदत हवी आहे: गटातल्या स्त्रियांची ओळख करून देताना शब्द कसे निवडावेत?

दौतटाक

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटासा ऑनलाइन गट आहे. स्वामित्वहक्क संपलेली जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर आणायची, यंत्राने ओळखलेला मजकूर मूळ पानाशी ताडून शुद्ध करायचा आणि हाताशी वेळ उरला तर विकिपीडियावर लेख लिहायचे, हे आमचं काम. सगळे हौशी. कोणी ठाण्यात, कोणी लातूरला, एकजण न्यू जर्सीत. येत्या मार्चमध्ये दर आठवड्याला गटातल्या एकेका स्त्रीची ओळख आमच्या पानावर द्यायची असं ठरलंय आणि आलेल्या मसुद्यांवरून शेवटचा हात फिरवायचं काम माझ्याकडे आलंय. (मी बाई आहे म्हणून आलंय, हे उघड आहे. असो.)

मसुदे आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल शंका नाही. तरी वाचताना अडखळायला होतं. एकीची ओळख 'घरसंसाराची तारेवरची कसरत करत' अशी सुरू होते, आणि चारशे पानांचा एक जुना कोश तिने जवळजवळ एकटीने तडीस नेला हे थेट शेवटच्या ओळीत येतं. दुसरीला 'आमच्या गटाची दुर्गा' म्हटलंय. तिसरी पंचेचाळिशीची, ती 'आपल्या ग्रुपमधली हसतमुख मुलगी'. सोबतच्या चित्रात दहा हातांची बाई आहे: एका हातात लॅपटॉप, एकात लाटणं, एकात बाळ.

मग मी गेल्या वर्षीच्या पुरुष सदस्यांच्या ओळखी काढून शेजारी ठेवल्या. तिथे 'श्री. अमुक यांनी प्रकल्प उभारला', 'अभ्यासू', 'तांत्रिक बाजू समर्थपणे पेलली'. इथे 'हिने मोलाची मदत केली', 'हातभार लावला', 'मनमिळाऊ'. दोघांनी केलेलं काम मात्र तेच! शिवाय त्यांना सरसकट श्री., आणि इकडे कोणाला सौ., कोणाला कु., कोणाला श्रीमती. श्रीमती म्हटलं की आपल्याकडे निम्मे लोक नवरा गेलाय असंच धरून चालतात, आणि जिच्या नावापुढे ते लावलंय तिचा नवरा रोज सकाळी गटावर 'सुप्रभात' टाकतो.

इथवर काय बदलायचं ते मला कळतं. अडलंय ते पुढे. ज्यांच्या ओळखी द्यायच्या त्यांनाच विचारलं, तर तिघींची तीन टोकं. एक म्हणते, माझ्या कामावर लिहा, मी बाई आहे याचा उल्लेखही नको. दुसऱ्या काकू निवृत्त शिक्षिका. त्या म्हणतात, "दुपारी मागचं आवरून, नातवाला झोपवून मी पानं तपासते. ते का गाळायचं? त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?" आणि तिसरी टोपणनावाने काम करते. ती बाई आहे हे आमच्यापैकी दोघातिघांखेरीज कुणालाच माहीत नाही.

या तिघींना एकाच मालिकेत कसं बसवू? सगळ्यांना लागू होईल असा काही नियम करता येतो का? आणि मालिकेचं नाव काय ठेवावं? सध्या 'नारीशक्तीला सलाम' आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मेथीदाणा

यासाठी एक तयार चाळणी आहे. ॲन फिंकबायनर या अमेरिकी विज्ञानलेखिका. एका खगोलशास्त्रज्ञ बाईंवर लिहिताना त्या बाई आहेत यावर एक अक्षर लिहायचं नाही, असं त्यांनी २०१३ साली जाहीर केलं. त्यावरून क्रिस्टी ॲशवँडन या दुसऱ्या पत्रकाराने त्यांच्याच नावाने कसोटी बांधली. ओळखीत काय येऊ नये? ती बाई आहे हे, नवरा काय करतो, मुलं कोण सांभाळतं, हाताखालच्यांवर कशी माया करते, इतर बायकांना कसा आदर्श आहे, आणि 'अमुक करणारी पहिली महिला'.

त्याच वर्षीच्या मार्चअखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने इव्हॉन ब्रिल यांचा मृत्युलेख छापला. दळणवळण उपग्रहांना कक्षेत जागेवर ठेवणारं छोटं इंजिन शोधणाऱ्या या बाई. लेख सुरू कशाने झाला? त्या बीफ स्ट्रोगानॉफ हा मांसाचा पदार्थ फर्मास करायच्या आणि नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ गावं बदलायच्या, याने. ओरड झाल्यावर इंटरनेटवरच्या लेखातून स्ट्रोगानॉफ गेला. तुमचा तारेवरच्या कसरतीचा मसुदा त्याच घराण्यातला.

मी स्वतः एवढंच करते: वाक्यात बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून मोठ्याने वाचते. 'घरसंसाराची तारेवरची कसरत करत श्री. कुलकर्णी यांनी...' हसू आलं की वाक्य कापायचं.

उगाच एक

म्हणजे कौतुकही आता तागडीत तोलून करायचं? दुर्गा म्हटलं यात अपमान कसला, ते कुणीतरी समजावून सांगा.

दौतटाक

@उगाच एक, अपमान नाही हो. पण 'दुर्गा' वाचून तिने नक्की काय केलं ते कळत नाही. आणि गेल्या वर्षी तुमची ओळख दिली तेव्हा तुम्हाला कोणी 'गटाचा भीम' म्हटलं नव्हतं.

पाटीपेन्सिल

मेथीदाणा, कसोटी चांगली आहे, पण डोळे झाकून लावू नका. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची ओळख तिच्यातून काढून बघा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. शेवटी एक वर्ष पारखून बघू अशा अटीवर त्यांना घेतलं. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. यातून त्यांचं बाई असणं काढून टाकलं तर रामन सुटतात आणि गोष्ट खोटी होते. आनंदीबाई जोशींचंही तसंच. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. त्या कॉलेजच्या नावातच 'स्त्री' आहे, ती कुठे लपवणार?

तेव्हा मी फरक असा करते. बाई असणं कामाच्या आड आलं असेल किंवा त्याने कामाला वळण दिलं असेल, तर लिहावं, आणि आडवं कोण आलं तेही लिहावं. नुसती आरास म्हणून असेल तर गाळावं. काकूंचं मागचं आवरणं हा पहिला प्रकार झाला, कारण त्यांना वेळ मिळतो कधी हे त्यातून कळतं. मात्र ते त्यांच्याच तोंडी, अवतरणचिन्हांत येऊ द्या. गटाने 'घर सांभाळून' म्हणणं वेगळं आणि काकूंनी स्वतः म्हणणं वेगळं.

अवांतर: 'पहिली महिला' लिहिण्याआधी दहादा तपासा. बहुतेक वेळा आधीची कोणीतरी निघते, आणि मग तिच्यावर दुहेरी अन्याय होतो.

गोधडी

तुमच्या तिसऱ्या सदस्येबद्दल. तिने स्वतःहून होकार दिला नसेल तर तिला या मालिकेत घेऊच नका. टोपणनाव दिलं तरी नको, कारण महिलांच्या मालिकेत नाव आलं की गुपित फुटलंच. विकीच्या 'पसंती'च्या (म्हणजे आपल्या खात्याच्या सेटिंग्जच्या) पानावर आपला उल्लेख स्त्री, पुरुष की काहीच न सांगता व्हावा, हे निवडता येतं. मूळ पर्याय 'न सांगता' हाच असतो, आणि निवडलेलं सगळ्यांना दिसू शकतं. तिने तो तसाच ठेवला असेल तर ते विसरून नक्कीच नाही.

एमिली टेंपल-वूड या अमेरिकी संपादिकेला अश्लील पत्रं यायची. दर पत्रामागे एका स्त्री शास्त्रज्ञावर लेख लिहायचा असं तिने ठरवलं. २०१६ मध्ये वर्षाचा विकिपीडियन हा मान तिला आणि आणखी एका संपादिकेला मिळून मिळाला. किस्सा सगळे कौतुकाने सांगतात, पण मुळात ती पत्रं येत होती. म्हणून फोटो, गाव, नोकरीचं ठिकाण, लग्नानंतरचं आडनाव, यातलं प्रत्येक वेगळं विचारून घ्या. एकदा 'हो' म्हणाली म्हणजे सगळ्यालाच हो, असं नसतं.

आणखी एक. स्त्रियांची वेगळी यादी केली की त्या मोठ्या यादीतून गळतात. एप्रिल २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकी कादंबरीकारांच्या वर्गातून लेखिकांना काढून 'अमेरिकी स्त्री कादंबरीकार' या वर्गात हलवायला सुरुवात झाली होती. एका लेखिकेने वर्तमानपत्रात लिहिल्यावर गदारोळ झाला. मोठ्या वर्गात कोण उरत होतं, ते सांगायला नकोच. तुमच्याकडे वर्षभर कोणाच्या ओळखी येतात? एप्रिलपासून पुन्हा नुसते श्री. असतील, तर मार्चचा काही उपयोग नाही.

उगाच एक

वर्षभराचा मुद्दा पटला. भीमही लक्षात ठेवतो. :)

दौतटाक

सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. सलाम, दशभुजा आणि सौ./कु./श्रीमती/श्री. हे सगळं काढलं. नुसतं नाव आणि पुढे 'यांनी', सगळ्यांना. मालिकेचं नाव 'या आठवड्याची ओळख', आणि ती मार्चनंतरही चालू राहील. काकूंची दुपार त्यांच्याच शब्दांत जाईल. तिसरीला विचारलं, तिने नको म्हटलं, विषय संपला. 'बाई असल्याचा उल्लेख नको' म्हणणारीला मी म्हटलं की मार्चऐवजी जूनमध्ये घेते. तिला ते चाललं.

कोशवालीचा मसुदा आता असा झालाय, नजर टाका:

'चारशे पानांच्या कोशाचं मुद्रितशोधन (इथे नाव) यांनी पूर्ण केलं. जुन्या छपाईतली जोडाक्षरं यंत्र हमखास चुकवतं. त्या चुकांची यादी त्यांनी करून ठेवली आणि गटातले नवे सदस्य आज तीच वापरतात. सध्या त्या कोशाची अर्पणपत्रिका आणि शुद्धिपत्र लावत आहेत.'

मेथीदाणा

झकास. एकच दुरुस्ती: विकिस्रोतावर मुद्रितशोधन झालं की पानाची खूण पिवळी होते, आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासलं (म्हणजे पडताळणी झाली) की हिरवी. कोश पूर्ण हिरवा झाला असेल तर तसं लिहा आणि दुसऱ्यांदा कोणी तपासलं त्यांचंही नाव घाला. अजून पिवळा असेल तर शेवटी 'पडताळणीसाठी माणसं हवी आहेत' एवढं जोडा, मीही चार पानं घेईन.