तेरणाकाठच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू किती जुन्या असतील? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या जवळ. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड आहे, त्याला लागूनच आमचं रान. गेल्या आठवड्यात पाइपलाइनची चारी खोदताना कमरेइतक्या खोलीवर खापरं लागली. आतून काळी, बाहेरून तांबडी, हाताला गुळगुळीत. सोबत शंखाच्या बांगडीचे दोन तुकडे, एक लाल मणी आणि हिरवं पडलेलं लहान नाणं. नाण्यावर हत्ती वाटतो. मागे अधिकच्या खुणेसारखं काहीतरी, चारी टोकांना गोल.

पण त्याच चारीत, हातभर खोलीवर, निजामाची चारमिनारवाली पावलीही निघाली. मग हे सगळं निजामाच्या काळातलं धरायचं का? चुलते म्हणतात, गुप्तधन आहे, डिटेक्टर आणून रात्री खणू. माझं मन घेत नाही. नाणं चिंचेनं घासलं तर अक्षरं दिसतील का?

उत्तर:
दादा, चिंच अजिबात लावू नका. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. हत्ती आणि मागे ती चार गोलांची खूण, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात, ही जोडी सातवाहनांच्या नाण्यांवर नेहमी दिसते. म्हणजे साधारण दोन हजार वर्षं. तेर तेव्हा तगर नावाची मोठी पेठ होती. काळी-तांबडी खापरं त्या काळाशी जुळतात, पण ती त्याआधीचीही असू शकतात. शंखाच्या बांगड्या तर शतकानुशतकं वापरात होत्या, एकट्या बांगडीवरून काळ सांगता येत नाही.

पावलीनं गोंधळू नका. नाणं ज्या थरात असतं तो थर त्या नाण्यापेक्षा जुना नसतो, एवढंच त्यातून कळतं. वरची माती निजामाच्या काळात किंवा नंतर हलली असेल. खालच्या थराला ते लागू नाही. म्हणून कुठली वस्तू किती खोलीवर, कशाशेजारी होती ते आजच लिहून ठेवा. चारीच्या भिंतीचा फोटो टेप लावून काढा. कोळसा दिसला तर हात न लावता तसाच राहू द्या, कार्बन-१४ या वय मोजायच्या पद्धतीनं काळ कोळशाचा निघतो, दगडी मण्याचा नाही.

रात्रीचं खोदकाम मात्र थांबवाच. थर एकदा उसकटले की कुणालाच काळ सांगता येणार नाही. शिवाय १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेल्या धनाच्या) कायद्यानुसार जमिनीतला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावाच लागतो. अर्ज देऊन तेरच्या लामतुरे संग्रहालयात वस्तू दाखवा.

धागाकर्ता:
आभारी आहे काका. चारी बुजवायची थांबवली. चुलत्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, डिटेक्टरचं बोलणं तूर्त बंद आहे. मणी आजीनं देवघरात ठेवलाय, तो आज मागून घेतो. फोटो उद्या टाकतो.