मदत हवी आहे: जाळरेषा नेमकी कधी जाळायची?

नमस्कार मंडळी, नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पायथ्याशी आमच्या गावची वन समिती आहे, फेब्रुवारी लागला की वणव्याची धास्ती सुरू होते आणि वर डोंगरावर कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पती आहेत म्हणून जास्तच जीव तुटतो. वनखात्याच्या लोकांसोबत आम्ही जाळरेषा काढतो, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत कापून पट्टा जाळतो, पण वेळेचा मेळच बसत नाही. लवकर गेलो तर गवत बुडाशी हिरवं, काडी लावली की नुसता धूर, आणि उशीर झाला तर कुसळी गवत इतकं कडक वाळतं की वारा फिरला की संपलंच. त्यात चढावर दर 10 अंशाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

उत्तर ऑस्ट्रेलियात कोरडा ऋतू सुरू होतानाच तुकड्यातुकड्यांनी मंद आग लावतात म्हणजे पुढचा मोठा वणवा अडतो, ते आपल्या उतारांना कितपत लागू पडेल? वनस्पतीशास्त्रवाल्यांनो, कंदीलपुष्पाचे कंद तेव्हा जमिनीत सुप्त असतात ना, मग वरवरची आग त्यांना चालते का? आणि गवत किती वाळलंय हे जागेवरच साध्या पद्धतीनं कसं ओळखायचं? पेठ, इगतपुरीकडे राब भाजणाऱ्या (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणाऱ्या) जाणत्यांनी तर नक्की सांगा, तुम्ही वारा कसा बघता?